हिरामणचा घोट

"अगो सरक ना जरा, माज्या पायावर बसलीस," दुर्गाबाई पुतळाच्या पाठीमागं शेजारणीवर कुरकुरली. सरकायला जागा होती कुठं? घणसोलीचं अर्धं गावठाण जाईबाईच्या ओटीवर लोटलं होतं आणि मधोमध, पोपट भगतापुढं, बसली होती जाईबाईची सून पुतळा. तिचा नवरा हिरामण जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्याला कोणत्या भुताळीनं खाल्लं, याचा आज निकाल होता. पुतळावर आला, तर तान्ही मुलगी इथंच ठेवून तिनं गाव सोडायचं.

भगतानं लांब मानेच्या बाटलीत दोन शिशा पाणी ओतलं, पाणी चढलं तिथं मानेला काळा दोरा बांधला आणि बाटली रिकामी केली. मग एक शिशी विहिरीचं पाणी, एक शिशी त्याचं तीर्थ.

"दोन ओतल्या, दोनच भरल्या पायजेत. कमी भरल्या तर हिरामण येऊन प्यायला. भुताळीच्या घरात मेल्याची तहान जात नाय."

मेलेला माणूस शिशीच्या मापानं पितो, हे गावाला त्या दिवशी कळलं.

पाणी दोऱ्याखाली बोटभर उतरलं. बायका मागं सरकल्या.

"हात लाव," भगत म्हणाला.

पुतळानं लावला. बाटली कोमट होती, जित्या अंगासारखी. तिनं हात झटकन मागं घेतला. महिन्यामागं भांडणात ती नवऱ्याला म्हणाली होती, मर एकदाचा. शब्दानं माणूस मरतो का? मरत असेल.

तेवढ्यात बायजाबाई उठली. कारखान्याच्या लॅबमध्ये ती काचेची भांडी धुवायची आणि त्यांवरच्या रेघा बघत बघत आकडे शिकली होती.

"पोपटदादा, तुमी धुपाबिगर कदी बसत नाय. आज धूप पार अंगनात?"

"देवाची मर्जी."

"मंग आता दोनी शिशा विहिरीच्या घाला. हिरामणला पानी चालंल की."

भगत हलेना, तेव्हा तिनंच बाटली रिकामी करून घातल्या. पाणी बरोब्बर दोऱ्याला टेकलं.

"पोट भरलं वाटतं त्याचं," मागून कोणीतरी म्हणालं.

बायजाबाईनं एक माप वाटाणे आणि एक माप राई मागवली, सुपात कालवली, पुन्हा मोजली. दोन मापं भरेनात.

"राई कोनी खाल्ली? फटीत बसली ती. दोन जातीची पानी मिसलली की अशीच एकमेकांत शिरतात, नि शिरताना तापतात. लॅबमधी माज्या हातात रोज होतं. तिथं कोन मेलेला येत नाय प्यायला."

मग तीर्थात कापूस बुडवून ती अंगणात गेली आणि तो धुपाच्या निखाऱ्यावर धरला. ज्योत दिसलीच नाही. कापूस मात्र काळा होत गेला.

"ह्ये जलतं, पन ज्योत दिसत नाय. कारखान्याच्या पिंपातलं स्पिरिट हाय," ती म्हणाली. "भिऊन बगू नका, मोजून बगा. पुन्ना मोजा. मंग बोट दाखवा कोनावर दाखवायचं ते."

पिंपातलं स्पिरिट गावात कोण आणतं, हळदीला दारू म्हणून कोण वाटतं, हे त्या ओटीवर कोणाला ठाऊक नव्हतं? जो तो आपल्या पायांकडं बघत राहिला. पुतळाला ती शांतता भुतापेक्षा भयंकर वाटली.

जाईबाई उठली. तिनं तीर्थाची शिशी नाकाला लावली आणि भगतापुढं ठेवली.

"माजा हिरामण ह्येच पिऊन आलता," ती म्हणाली. "सकाली बोलला, आये, मना दिसत नाय. पोपट, तूच दिलंस त्याला. नि आमाला सगल्यांना म्हायती व्हतं."