वक्फच्या फाटकावरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने, जाडजूड अलीगढी कुलूप आहे आणि सध्या मला काहीच काम नाही. हे सांगताना मला लाज वाटत नाही, उलट हायसे वाटते.

छत्तीसगडात, भिलाईच्या बाजूला असलेल्या उतई गावाजवळ पाच एकर जमीन आहे. मेहरुन्निसा बी नावाच्या बाईंनी ती वक्फ केली, म्हणजे अल्लाच्या नावाने कायमची दान दिली. दानपत्रात त्यांनी दोनच गोष्टी लिहिल्या. या जमिनीच्या पिकावर गावातल्या निराधार बायकांची चूल पेटावी, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत. आणि जमीन कधी विकू नये. बी गेल्या. वक्फ सांभाळणाऱ्या कमिटीच्या लोकांनी दुसरी गोष्ट जिवापाड जपली आणि पहिली विसरून गेले. जमीन कोणी बळकावू नये म्हणून त्यांनी भिलाईच्या बाजारातून मला आणले आणि फाटकाला अडकवले.

मी काम चोख केले. दोनदा कोणीतरी माझ्यावर दगड घातले, पण मी हूं की चूं केले नाही. लोक माझी तारीफ करत आणि मी फुशारून जाई. आत मात्र बाभळी माजल्या. लोक इतके पापभीरू, की वक्फची माती चुकून घरी जाऊ नये म्हणून फाटकाजवळून गेले तरी चपला झटकत. तिथे नांगर घालायचे कोण मनात आणणार? पुढे माझे कौतुकही थांबले. बावीस पावसाळे मी भिजले, कोणी तेलाचा थेंब घातला नाही.

मग अन्नपूर्णा आली. ती नागपूरकडची, नवरा भिलाई-३ स्टेशनला रेल्वेत गँगमन होता, तो वारला. गावातल्या चार जणींबरोबर ती दुसऱ्याच्या शेतात अधियाने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, भाजी पिकवी. त्या शेताचे प्लॉट पडले. आता पोरीची शाळा सोडवून नागपूरला भावाच्या दारी जाण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. जमिनीची देखरेख करणारे मुतवल्ली कुदरत चाचा मूळचे वर्ध्याचे, भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेले. माझ्यासमोरच तिने त्यांना विचारले,

"चाचा, बीनं जमीन देल्ली होती का कुलूप?"

चाचा तडक घरी गेले. त्यांनी दानपत्र पहिल्या ओळीपासून वाचले आणि मग कमिटीला वाचून दाखवले. वादावादी बरीच झाली. अखेर ठरले, की वक्फच्याच मालकीची गावात जी दुकाने आहेत, त्यांच्या भाड्यातून बोअर आणि बियाणे घ्यायचे, पाच जणींनी अधियाने पिकवायचे आणि वक्फच्या वाट्याचे अर्धे पीक गावातल्या इतर निराधार बायकांच्या घरी पोचवायचे. वक्फ बोर्डाची रीतसर परवानगीही आली.

फाटक उघडायच्या दिवशी चाचांनी किल्ली फिरवली, आणि मी उघडेना. मित्रांनो, मला उघडायचे होते हो, पण अंगातला गंज ऐकेना. कमिटीतले एक बुजुर्ग मागे सरले आणि म्हणाले, हा वरचा इशारा आहे, या जमिनीला हात लावू नये. बाकीचेही माना डोलवू लागले. अन्नपूर्णाने पोरीचा हात घट्ट धरला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

चाचांनी मला उलटेपालटे करून नीट पाहिले.

"मी बत्तीस वर्सं प्लांटात काढले," ते म्हणाले. "हा इशारा नाही, गंज हाय. तेल आना."

अन्नपूर्णा शेजारच्या घरून वाटीभर तेल घेऊन आली. चाचांनी तासभर मला तेल पाजले, हलक्या हाताने ठोकले, पुन्हा किल्ली फिरवली. खट्ट आवाज झाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता आत वांगी आहेत, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा आहेत, लालभाजीचे, म्हणजे लाल माठाचे, वाफे आहेत. अन्नपूर्णाची पोर उतईच्याच शाळेत आठवीला आहे, आणि फाटकातून आत येताना, कडीला उघडेच लटकलेल्या मला उगाच एक टिचकी मारते.

मित्रांनो, वस्तू जपा, कुलपांना वेळच्या वेळी तेल घाला. पण कोणी विश्वासाने तुमच्या हाती काही सोपवले, तर ते कशासाठी सोपवले हे आधी विचारा. बावीस वर्षे मी इमानाने राखण केली, आणि आपण कोणाला बाहेर ठेवतो आहोत हे एकदाही विचारले नाही. ज्यांच्यासाठी ती जमीन दिली होती, त्यांनाच मी बाहेर ठेवत होते.