चौदाव्या ओळीतली गोदूबाई

आमच्या कॉलेजात सिस्टम्स इंजिनिअरिंगचा क्लब आहे, हे पनवेलमध्ये फारसं कुणाला माहीत नाही. कॉलेजातही नाही. पूल बांधणारा इंजिनिअर पूल बांधतो. सिस्टम्सवाला आधी विचारतो, हा पूल मागितला कोणी? एवढं विचारून झालं की तो चहा प्यायला जातो. क्लबात नावं तेवीस, माणसं तीन. चौथा मी, म्हणजे प्राध्यापक-समन्वयक. समन्वयकाचं काम सही करणं.

तिघांतली ऋचा अध्यक्ष, शेवटच्या वर्षाला. निनाद सेन्सर आणि सोल्डरिंगवाला. आणि लियोरा, जिच्या ताब्यात क्लबची ऑनलाइन शीट. लियोराच्या घरी शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून आमच्या सभा रविवारी. रविवारी तिघंच का येतात, याचं हेच कारण मी वार्षिक अहवालात देत आलो आहे.

शीटचे नियम साधे होते. एका ओळीत एक गरज आणि शेजारी ती मागणाऱ्या माणसाचं नाव. नाव नाही तर गरज नाही. धोक्यांची यादीही तशीच: काय बिघडेल, त्यात कोणाचं काय होईल आणि ते किती वाईट, एक ते दहा. एकदा लिहिलेला धोका खोडायचा नाही. उपाय बसवायचा, बसवल्याचा पुरावा जोडायचा, मगच आकडा खाली आणायचा. या बाबतीत लियोरा तिच्या आजोबांइतकी कडक आहे, असं निनाद म्हणायचा. त्याने तिचे आजोबा पाहिलेले नव्हते.

यंदाचा प्रकल्प होता विचुंब्याच्या नदीकाठच्या घरांना पुराची सूचना देण्याचा. राज्य पातळीवरची स्पर्धा होती. गावातल्या एका तरी माणसाची मुलाखत हवी, अशी अट होती. मे महिना. विचुंबे रिक्षाने वीस मिनिटांवर, कॅन्टीन दोन मिनिटांवर. मुलाखत कॅन्टीनमध्ये झाली. गावातलं माणूस सोडून सगळे हजर होते.

"नाव काय ठेवायचं?" निनादने विचारलं.

"गोदूबाई," ऋचा म्हणाली. "वय अडुसष्ट. नदीच्या वळणावर एकटी राहते. दोन खोल्या. दार निळं."

"दाराचा रंग कशाला?"

"खरं वाटतं."

"मग एक मुलगा पण ठेव. खारघरला. फोन करत नाही."

"आणि तिला ऐकू कमी येतं," लियोरा म्हणाली. "म्हणजे सायरन का पुरत नाही ते दाखवता येईल."

ऋचाने नकाशावर नदीच्या वळणाशी एक मोकळी जागा बघून टिंब टाकलं: घर. मग धोक्यांची यादी. परीक्षकांना निदान एक तरी दहाचा धोका लागतो, नाहीतर काम उथळ वाटतं. तेव्हा चौदाव्या ओळीत तिने लिहिलं, 'दुपारी पाणी चढतं. सायरन ऐकू जात नाही. गोदूबाई घरातच बुडते. तीव्रता: दहा.' मग राहिलेला समोसा संपवला. मुलाखतीच्या कागदावर मी सही केली. सही करताना मजकूर वाचायचा नाही, ही सवय मला बावीस वर्षांच्या नोकरीत लागली आहे.

जूनच्या एका रविवारी लियोराने शीट उघडली, तर गोदूबाईच्या नावावर तीन गरजा जास्त होत्या.

'भोंगा पुलावर लावू नका. वारा नदीकडनं येतो, आवाज टावरकडं जातो.'

'मोबाइलवर कळवू नका. मोबाइल डब्यात असतो.'

'पाणी पैलं मागच्या ओढ्यातनं येतं. तुमी नदीकडं बघत बसाल.'

"कोणी लिहिलं?" ऋचाने विचारलं.

"मी नाही," निनाद म्हणाला. "मला एवढं सुचत असतं तर मॅथ्समध्ये दोनदा बसलो असतो का?"

लियोराने मागच्या नोंदी काढल्या. लिहिणाऱ्याच्या रकान्यात तिघांपैकी कोणाचंच नाव नव्हतं. गोदूबाईचं होतं. तिला आम्ही कधी प्रवेश दिला नव्हता.

मी म्हटलं, कोणीतरी मस्करी करतंय. शिक्षकाला काहीतरी म्हणावंच लागतं. पण गरजा चोख होत्या. निनाद पुलावर जाऊन आला. वारा खरंच नदीकडून येत होता. घराच्या टिंबामागे ओढाही निघाला, आमच्या नकाशात नसलेला. आम्ही तिन्ही गरजा ठेवून घेतल्या. पहिल्या फेरीत परीक्षकांनी शेरा दिला, 'वापरकर्त्याचा आवाज प्रामाणिकपणे टिपला आहे.' प्राचार्यांनी तो शेरा छापून फलकावर लावला.

जुलैच्या पहिल्या रविवारी चौदाव्या ओळीसमोर नवी नोंद होती: 'हे कोणी लिवलं?'

ऋचाने ती ओळच काढून टाकली. सोमवारी ओळ परत जागेवर होती. खाली लिहिलं होतं, 'खोडून जातं काय, बाय?'

त्याच दुपारी ऋचा माझ्या केबिनमध्ये आली. बसली नाही.

"सर, ती मरणार आहे."

"कोण?"

"गोदूबाई."

"ऋचा, गोदूबाई नावाचं कोणी नाहीये."

"नाहीये. पण मरणार आहे. मी लिहिलंय."

यावर अभ्यासक्रमात काही नव्हतं. स्पर्धेतून माघार घेऊ, असं मी सुचवलं.

"स्पर्धा जाऊ दे हो सर. एक दहा हवा होता म्हणून मी बाई बुडवली. जुलै लागलाय. मला तो आकडा खाली आणायचाय."

दारात लियोरा उभी होती. "मग नियमाने आण," ती म्हणाली. "उपाय बसव, फोटो जोड."

"बसवू कुठे?"

"तिच्या घरी."

निनादने एक लाल दिवा बनवला. पाणी चढलं की उघडझाप करणारा. कान लागत नाहीत त्याला. खाली एक बटण. ते दाबलं की कॉलेजच्या पडद्यावर 'निघाले' असं येणार. दिवा कुठे लावू, असं ऋचाने शीटमध्ये विचारलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: 'खाटंसमोर.'

रविवारी आम्ही चौघं दोन स्कूटरवर विचुंब्याला गेलो. नवे टॉवर संपले, येऊ घातलेल्या टॉवरच्या जाहिराती संपल्या, मग नदी लागली. वळणावर, टिंबाच्या जागी, घर होतं. दोन खोल्या. निळं दार. रंग ताजाही नव्हता. खालच्या बाजूला पोपडे धरलेले.

एक म्हातारा म्हशी घेऊन चालला होता. काळूराम नाव सांगितलं.

"काका, हे घर कोणाचं?" ऋचाने विचारलं.

"ठाव नाय. रोज हितनं म्हशी नेतो. उन्हाळ्यात नव्हतं. आता हाय."

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"हितं रोजच व्हतं, बाय. सकाळी शेत असतं, सांजला पार्किंग. कुठं कुठं वाटून घ्यायचं?"

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोणी नव्हतं, पण खाटेवरची गोधडी आत्ताच कोणी बाजूला सारून उठावं तशी पडली होती. निनादने हात लावून पाहिला आणि हात मागे घेतला. ती गरम होती. कोनाड्यात एक फोटो होता: पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, आणि चेहऱ्याच्या जागी काही नाही. फाटला नव्हता, पुसला नव्हता. चेहरा तिथे कधी आलाच नव्हता.

"मुलगा," लियोरा हळूच म्हणाली. "तो कसा दिसतो ते आपण लिहिलं नव्हतं."

निनाद दिव्याचे स्क्रू पिळत होता. मग म्हणाला, "आपण त्याला फोन न करणारा ठेवला. करणारा ठेवायला काय झालं होतं?"

लियोरा मागच्या ओढ्यात सेन्सर लावून आली. दिवा खाटेसमोर बसवला. ऋचाने फोटो काढला. लियोराने दहाचे नऊ केले.

"नऊच?" ऋचा म्हणाली.

"दिवा बसलाय. ती अजून निघाली कुठे?"

गुरुवारी, दोन दिवसांच्या संततधारेनंतर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ओढ्यातल्या सेन्सरने पाणी दाखवलं. आम्ही चौघं प्रयोगशाळेत होतो. पडद्यावर ओळ आली: 'दिवा सुरू. उत्तराची प्रतीक्षा.' निनादने रविवारी घेतलेल्या नंबरवर काळूरामला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पानी चढलंय," काळूराम म्हणाला. "घर दिसत नाय."

"बुडालं?"

"पावसात दिसत नाय एवढंच सांगतो. हाय का नाय ते तुमी सांगा. तुमीच दिवा लावून गेलात."

ऋचा स्कूटरची किल्ली मागायला लागली. पुलावरून वाहतूक बंद केली होती. मी किल्ली खिशात घातली आणि हात बाहेर काढला नाही. अठरा मिनिटं गेली. समन्वयक म्हणून मी आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम तेवढंच.

मग पडद्यावर आलं: 'निघाले.'

ऋचा हसायला लागली, आणि त्याखाली दुसरी ओळ उमटली तशी थांबली.

'कुटं जाऊ?'

शीटमधला सुरक्षित स्थळाचा रकाना रिकामा होता. मे महिन्यात समोसे संपले तेव्हा आमची यादीही संपली होती.

"कॉलेजचा पत्ता टाक," मी म्हणालो.

"चारला सगळ्यांना सोडतायत, सर. गेट बंद होईल."

"ती पाण्यात उभी आहे, ऋचा," लियोरा म्हणाली. "कोणाचा तरी टाक."

ऋचाने आपल्या घराचा पत्ता लिहिला. नवीन पनवेल, सेक्टर, इमारत, तिसरा मजला, पाटीवरचं आडनाव. पाठवलं. लियोराने आकड्याला हात लावला नाही. "पोचू दे," म्हणाली.

चारला पाच कमी असताना ऋचाचा फोन वाजला. तिची आई, शोभाताई. ऋचाने फोन स्पीकरवर टाकला.

"ऋचा, अगं दारात एक बाई आल्यात. पूर्ण भिजलेल्या. तुझं नाव घेतायत. कोण आहेत?"

"आई, आत घे त्यांना."

"घेतलंय. माझी साडी दिली, चहा दिला. चहा तसाच पडलाय. नुसत्या माझ्याकडे बघत बसल्यात." शोभाताईंचा आवाज खाली आला. "कामासाठी आल्यात का गं? किती वेळ आहेत? आपण तिघं, घर एवढंसं. बाबा सहाला येतील."

"तू त्यांनाच विचार."

शोभाताईंनी मोठ्याने विचारलेलं आम्हाला ऐकू आलं. मग पाऊस ऐकू आला. उत्तर आलं असेल तर ते फोनमधून आलं नाही.

"म्हणतात, आता हितंच," शोभाताई म्हणाल्या. "म्हणजे काय गं?"

लियोराने नऊचे पाच केले. क्लबच्या इतिहासात इतका खाली आणलेला तो पहिला धोका. ऋचाने बॅग उचलली, छत्री शोधली.

"मी भाजी घेऊन येते," ती आईला म्हणाली. "चौघांना पुरेल अशी."