पायरीवरचा उजेड

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी बसलं की निम्मा जीव चपलांत अडकतो. चऱ्होलीच्या दुर्गाबाईंची गोष्ट सांगायची आहे. थोडी भुताची आहे, पण भिऊ नका, शेवटी जीव भांड्यात पडेल.

"आई, पिक्चर अजून सुरू नाही झालाय. परत जाऊ या का?" चिंचवडच्या थिएटरात दुपारच्या शोला बसता बसता सून वर्षालीने विचारलं.

"न्हाई. माज्या डोळ्यांनी बघीन."

दुर्गाबाईंचे मालक ज्योतीराम चाकणच्या एका कारखान्यात वॉचमन होते. गेटाजवळ एक फसवी पायरी होती. शिफ्ट सुटली की ते तिच्यावर बॅटरी धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "सावकाश या, पायरी हाय." पुढे कारखाना बंद पडला, काही वर्षांनी ज्योतीरामही आजारपणात गेले. कारखान्यात पूर्वी शिकाऊ असलेल्या निरंजनने नंतर मोबाइलचा गेम काढायला घेतला. "काकू, काकांचा आवाज माझ्याकडे रेकॉर्ड केलेला आहे. गेममध्ये घालू का?" त्याने विचारलं, दुर्गाबाईंनी हौसेने होकार दिला. गेम कसला, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

गेम निघाला भुताचा. बंद कारखाना, मिट्ट काळोख आणि बॅटरी घेऊन मागे लागणारा, ज्योतीरामांच्या आवाजातला वॉचमन. गेम गाजला, त्यावर पिक्चर आला. देवळात कीर्तन सुरू व्हायच्या आधी गोजाबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "दुर्गे, तुजं मालक भूत झालं म्हनं? पोरं चळाचळा कापत्यात त्येंना!"

बाया हसल्या. दुर्गाबाईंना हसू आलं नाही. जन्मभर माळ घातलेल्या माणसाला गती मिळाली नाही, असंच गाव म्हणत होतं की! त्या दिवसापासून पुढची जागा सोडून त्या खांबाआड बसू लागल्या.

म्हणूनच आज त्या थिएटरात आल्या होत्या. पडद्यावर पाच-सहा तरुण मुलं त्या कारखान्यात अडकली होती. अंगावर बॅटरीचा उजेड आला की पळत सुटायची आणि खड्ड्यात पडायची. थिएटरभर किंकाळ्या. दुर्गाबाईंच्या मुठीत पदर, ओठांवर नाम. शेवटी एकच मुलगी उरली, आणि पडदा काळा झाला. दिवे लागले. नावं वर सरकू लागली, लोक उठले.

"चला आई, संपलं."

"आरतीच्या आधी उठू नये."

"अहो, इथं कसली आरती!"

"बस गं गुमान."

वर्षालीने कपाळाला हात लावला आणि ती पुन्हा बसली. थिएटर रिकामं झालं. नावं संपली, आणि पडदा पुन्हा उजळला.

तीच मुलगी. पळायचं बळ उरलेलं नव्हतं. उजेड आला तशी तिने डोळे मिटले. पण तो तिच्या तोंडावर पडलाच नाही, पायाशी थांबला. तिथे पायरी होती. पायरीपलीकडे उघडं गेट.

"सावकाश या, पायरी हाय."

मुलगी उतरली आणि बाहेर आली.

"वर्षे, त्येंचाच आवाज! अगं, धराया न्हवते येत, वाट दावत व्हते. पोरंच येडी, उजेड सोडून पळाली."

"आजी, उठा की, झाडायचंय," झाडूवाला म्हणाला.

दुर्गाबाईंनी कोऱ्या पडद्याला हात जोडले. "झाली रे बाबा आरती. झाड आता."

पुढच्या एकादशीला त्या थेट पुढे येऊन बसल्या. "सरक गं गोजे, लई पसरलीस." गोजाबाई काही बोलायच्या आत टाळ सुरू झाले.

कीर्तन सुटलं तेव्हा देवळाबाहेरचा दिवा गेला होता. दुर्गाबाईंनी पिशवीतून मालकांची जुनी बॅटरी काढली. गुडघे धरत धरत गोजाबाई दारात आल्या आणि अडखळून थांबल्या. त्यांच्या पायापुढे उजेडाचा गोल पडला.

"सावकाश ये गोजे, पायरी हाय."

तुम्हीही आता घरी निघाल. वाटेत कुणी तुमच्या पायापुढे उजेड धरला, तर त्याचं तोंड दिसणार नाही. बॅटरी धरणारा नेहमी अंधारातच उभा असतो. तेवढ्यापुरतं ज्योतीरामांचं नाव घ्या, आणि सावकाश उतरा.