दोघांत एक दुर्बीण

इमारतीत सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत, त्यामुळे त्यांची बायको आपोआप काकू झाली होती. काका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होते. काकू कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांच्या पँटा आखूड करायची, कंबर सैल करायची. दिवसभर मान खाली. म्हणून लेकीने वाढदिवसाला एका डोळ्याने बघायची छोटी दुर्बीण पाठवली, तेव्हा काकूला वाटलं, आता जरा मान वर होईल. मुठीत मावेल एवढीच होती ती. सोबत पक्ष्यांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक.

दुर्बीण आली होती काकूला. पण पहिल्याच रविवारी तळ्यावर पोचल्यावर ती काकांच्या गळ्यात पडली आणि तिथेच राहिली. मी आधी शोधतो, मग तुला देतो, असं काकांचं म्हणणं.

दर रविवारी तेच. काका दुर्बीण उजव्या डोळ्याला लावून वर्णन करत राहायचे, पोटावर ठिपके आहेत, शेपटी कशी हलवतोय बघ, आणि काकू शेजारी हात पुढे करून ताटकळत उभी. अखेर दुर्बीण हातात आली की आत नुसतं धुकं. दुर्बिणीचं कडं फिरवून नजर बसवायची, तर ते पार एका टोकाला नेऊन ठेवलेलं. ते मागे आणेपर्यंत पानं दिसायची, मग आणखी पानं, मग आभाळाचा एक तुकडा.

"कुठे आहे?"

"अगं, ती वाळकी फांदी नाही का, तिच्या डावीकडे."

वाळक्या फांद्या झाडभर. तोवर पक्षी गेलेला, आणि काका म्हणायचे की तुला धीरच नाही. एकदा तर काकूने दुर्बीण काकांच्या हातात परत आदळली आणि घरी येईपर्यंत बोलली नाही.

मग एका रविवारी पाण्यातल्या खांबावर खंड्या बसलेला तिला नुसत्या डोळ्यांनीच दिसला. तिने काही न विचारता काकांच्या गळ्यातला पट्टा ओढून काढला, कडं फिरवलं, आणि पहिल्यांदाच पक्षी लख्ख दिसला. निळी पाठ, लांब चोच, चोचीत चंदेरी मासा. तो मासा खांबावर आपटत होता. काकूला इतका आनंद झाला की आधीचं सगळं विसरून तिने कड्याला धक्का न लावता दुर्बीण अलगद काकांकडे दिली.

काका ती डोळ्याला लावेपर्यंत खंड्या मासा घेऊन पाण्यावरून सरळ पलीकडे गेला. खांब रिकामा झाला.

"वा," काका म्हणाले. "काय निळा आहे. आता बघ, मासा गिळतोय."

काकू खांबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, तो उडाला."

"कधी?"

"तुम्ही डोळ्याला लावायच्या आधी."

काकांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

घरी आल्यावर काकूने त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला आणि भिंतीवरचं घड्याळ दिसतंय का विचारलं. काका आधी चिडले. मग हळूच म्हणाले, "कडेची गोल पट्टी दिसते. मधे काही नाही."

हे बरेच महिने चाललं होतं. शनिवारी पुस्तक चाळून ते रविवारची वर्णनं तयार ठेवत होते. पक्षी दिसत नाही म्हटलं असतं, तर तू पुढचं विचारलं असतंस, असं ते म्हणाले. आणि पुढचं म्हणजे काम. दुसरा डोळा शाबूत आहे, लिफ्टच्या वर चढल्यावर डोळ्यांपेक्षा हातच जास्त काम करतात, हातांना सगळं माहीत आहे.

काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमच्या हातांना माहीत असेल. खाली जो मदतनीस उभा असतो, त्याला माहीत आहे का?"



डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की उजव्या डोळ्याची मधली नजर गेली ती गेली, आता डावा जपायचा. उंचावरची कामं बंद. इतके दिवस का थांबलात, या प्रश्नावर काका भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसले. पण दोन दिवसांनी कंपनीत जाऊन त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांना तक्रारींच्या फोनवर बसवलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना सांगायचं, घाबरू नका, बटणं दाबत बसू नका, माणूस निघालाय. निघालेला माणूस आपण नाही, हे त्यांना टोचायचं. संध्याकाळी घरी येऊन ते ताटावर, पंख्यावर, लेकीच्या फोनवर, कशावरही चिडायचे.

तळ्यावर जाणं मात्र काकूने सोडू दिलं नाही. काका डाव्या डोळ्याने बघायला शिकत होते, पण शिकणं जमत नव्हतं. उजवा डोळा मिटायचा नाही. दुर्बीण एका जागी राहायची नाही. कोपर तळ्याच्या कठड्याला टेकवा म्हटलं की म्हणायचे, मला शिकवू नकोस. काकूचाही जीव मेटाकुटीला यायचा. एवढी वर्षं सुईत दोरा ओवताना हरली नव्हती, पण या माणसासमोर हात टेकले, असं तिने लेकीला फोनवर सांगितलंसुद्धा.

पुढे एका सकाळी दगडावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. काकूने त्याला शोधला, कडं नीट लावलं, दुर्बीण काकांना दिली आणि खांद्याला धरून त्यांना त्या दिशेला वळवलं. काका बघत राहिले. आता वा म्हणतील, मग शेपटी, मग चोच, असं काकूला वाटलं.

"नाही दिसत," काका म्हणाले.

काकूने विचारलं, "काय दिसतंय मग?"

"पाणी. नुसतं पाणी."

"जरा वर घ्या."

"गवत आलं."

"मग जास्त वर गेलात."

काका तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत दुर्बीण खाली आणत होते, तेवढ्यात पाणकावळ्याने पंख मिटले आणि पाण्यात सूर मारला.

"गेला," काकू म्हणाली.

काकांनी त्या पाणकावळ्याला एक सणसणीत शिवी घातली. मग विचारलं, "आता?"

"आता काय. वर येईल कुठेतरी. तोवर दुर्बीण द्या इकडे."

काकांनी पट्टा गळ्यातून काढून तिच्या हातात दिला.