पायरीवरचा माठ

वीस वर्षं गल्लीबोळांतले व्हॉल्व्ह फिरवून चावीवाल्याचा एक खांदा झुकला होता. लांब लोखंडी चावीला कान लावला की जमिनीखालचं पाणी कुठवर पोचलंय ते त्याला कळायचं. शेवटच्या घराला धार बारीक पडते, म्हणून व्हॉल्व्ह बंद करताना तो पाव आटा सैल सोडायचा. तेवढंच पुण्य, म्हणायचा.

मग पाणीच कंपनीला विकलं गेलं. घरोघरी कार्डाचे नळ बसले. कंपनीच्या साहेबांनी त्याला बजावलं, "कुणी आपलं पाणी दुसऱ्याला दिलं की त्याचं कार्ड बंद. घरोघर सांगून ये. आणि तुझ्या बहिणीला म्हणावं, पायरीवरचा माठ उचल."

अक्काच्या माठातलं पाणी येणारा-जाणारा कुणीही प्यायचा. तिला सांगायला गेला तर ती भडकलीच.

"पाण्याला नाही म्हणू? अरे, वैऱ्यालासुद्धा कुणी पाण्याला नाही म्हणत नाही!"

"अक्का, कंपनीचीच माणसं तहानलेली बनून येतात. रडतील, शपथा घेतील. ओळखीचा असला तरी दार उघडायचं नाही."

ते खरंच होतं. शेजारच्या गल्लीतली तीन कार्डं अशीच गेली होती. त्यानं स्वतःच माठ उचलून आत नेला. अक्का घाबरलेली त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिली, आणि त्याला चक्क बरं वाटलं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. त्यानं पाव आटा सैल सोडलाच. कंपनीच्या यंत्रानं गळती पकडली. सकाळी नोकरी गेली, दुपारी घरचं कार्ड बंद. त्यात पोरगी तापानं फणफणलेली. कपाळावरची ओल्या फडक्याची घडी वाळून कडक झाली, तिचे ओठ फुटले. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. त्यांना तरी काय बोलणार, ती भीती त्यानंच घरोघर पोचवली होती.

तांब्या घेऊन तो धावतच अक्काकडे गेला. पायरीवर माठाची गोल खूण कोरडीठाक पडली होती.

"अक्का, मी आहे! पोरीला ताप चढलाय. तांब्याभर पाणी दे."

आतली पावलं दारापाशी येऊन थांबली.

"कंपनीनं पाठवलंय ना तुला?" अक्काचा आवाज रडवेला होता.

"नाही गं! पोरीची शपथ!"

"शपथा घेतील, असं तूच म्हणाला होतास."

पावलं मागे फिरली. चावीला लावायचा तसा त्यानं दाराला कान लावला. आत अक्का माठावर झाकण ठेवत होती.