पावाची चौथी बाहुली

आमच्या गावात मेलेली माणसं वर्षातून एकदा जेवायला येतात, एक नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता. त्यांच्यासाठी घरोघरच्या पावाच्या बाहुल्या भाजायला माझ्या भट्टीवर येतात. एका मेलेल्याची एक बाहुली, तोंडाच्या जागी बाजारातला रंगवलेला मुखवटा. एखादी कमी पडली तर ज्याची राहिली तो दारात ताटकळतो. एक जास्त झाली तर तिच्यासाठी कोणाला तरी जावं लागतं. हे दुसरं आम्ही मोठ्याने बोलत नाही.

आदल्या दिवशी सकाळी सेवेरिनाची मुलगी निनोस्का परात घेऊन आली. सोळा वर्षांची पोर. चार महिने शाळेचं नाव काढलं की रडायची, जेवायची नाही. त्या दिवशी मात्र चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ, कानांवर लोकरीची टोपी ओढलेली.

"काय गं, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं?" मी म्हटलं.

"आता सगळं ठीक आहे, मावशी. आईला सांगा, पुढच्या वर्षी कणीक घट्ट मळ म्हणावं."

"तू आहेस की सांगायला."

ती नुसती हसली. मला ते हसू आवडलं नाही.

परातीवरचं फडकं काढलं. गावातले मेलेले मला तोंडपाठ आहेत. सेवेरिनाच्या घरचे तीन: सासरा, सासू आणि खाणीतून वर न आलेला दीर. परातीत बाहुल्या चार होत्या. चौथीच्या मुखवट्यावर डोळे मिटलेले रंगवले होते. बाजारात मिटल्या डोळ्यांचे मुखवटे मिळत नाहीत. आणि तिच्या दोन वेण्या कणकेच्या नव्हत्या, खऱ्या केसांच्या होत्या.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या तेओदोसियोने अशीच एक जास्तीची बाहुली केली होती. सतरा वर्षांचा होता. अपशकुन करतोस म्हणून मी त्याच्या कानफटात दिली आणि बाहुली कुत्र्यांना घातली. विचारलं काहीच नाही, कारण विचारलं की मरणाला हाक जाते, असं आमच्यात मानतात. तीन आठवड्यांनी त्याने जीव दिला. हाक न विचारताच गेली होती.

तेवढ्यात सेवेरिना आली आणि परात बघून किंचाळली, "अगं बाई! मोड ती, ताई! कुत्र्यांना घाल!" मग स्वतःचीच समजूत घालायला लागली. "चेष्टा केली असेल. बरी आहे गं आता ती. कार्निव्हलच्या नाचाचे घुंगरांचे बूट परवा मावसबहिणीला देऊन टाकले. पोरीचं मन मोठं झालंय."

"दोन वर्षं हट्ट करून घेतलेले बूट? आणि तू खूश झालीस?"

मी पिठाचे हात पुसले आणि भट्टीशेजारी बसलेल्या निनोस्कासमोर बसले. "निनोस्का, तू जीव द्यायचा विचार करते आहेस का?"

सेवेरिनाने माझं तोंड दाबलं. "उद्या ते येणार आणि आज असं बोलतेस!" मी तिचा हात काढला आणि पुन्हा तेच विचारलं.

भट्टीत लाकूड तडतडलं.

"हो," निनोस्का म्हणाली. "उद्या दुपारी, त्यांची जेवणं झाली की. ते सगळे परत निघतील ना, वाट त्यांना माहीत असते." मग हळूच, "कोणी विचारलंच नाही, मावशी."

"माझा तेओदोसियो दहा वर्षं येतोय," मी म्हटलं. "जेवतो आणि जातो, अवाक्षर बोलत नाही. मला त्याच्याशी कडकडून भांडायचंय गं, आणि समोर कोणी नाही."

ती रडायला लागली. चार महिन्यांत कोणाच्या कुशीत रडली नव्हती, ती आईच्या कुशीत रडली. आम्ही तिला मध्ये घेऊन दवाखान्यात नर्सबाईंकडे गेलो. एक क्षणही एकटी सोडायची नाही, असं त्यांनी बजावलं आणि शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. इकडे भट्टीत अकरा घरांच्या बाहुल्या करपल्या. लोकांनी मला शिव्या घातल्या. घालोत. मेलेल्यांना करपलेलं चालतं.

दुपारी परतलो तर चौथी बाहुली परातीत फुगून बसली होती. अंग सुटलं होतं, मुखवटा कणकेत बुडाला होता, वेण्या बाहेर आल्या होत्या. कोणाची बाहुली ते आता ओळखू येत नव्हतं. मुखवटा मी भट्टीत टाकला, वेण्या निनोस्काच्या हातात दिल्या. उरलेल्या कणकेत जिवंत माणसांच्या पावासारखं मीठ घालून तिलाच मळायला लावली आणि बाकीच्या तीन बाहुल्यांबरोबर साधा गोल पाव भाजला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सेवेरिनाच्या घरी आम्ही ओळीने बसलो. तेओदोसियोची बाहुली आणि ताट मी माझ्या घरी मांडून आले होते. वारा नव्हता, तरी दाराचा पडदा आत आला. निनोस्काने माझा हात घट्ट धरला.

"मावशी, आले?"

"आले. तिघंच आहेत. तू पाव खा."

तिने घास घेतला. पडदा पुन्हा बाहेर जाईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.

आता दर गुरुवारी ती डॉक्टरांकडे जाते आणि येताना भट्टीवर थांबते. मी दर वेळी तोच प्रश्न विचारते, तसाच सरळ. कधी ती "नाही" म्हणते, कधी "थोडंसं". थोडंसं म्हणाली की मी भट्टी विझवते आणि तिच्याबरोबर दवाखान्याकडे चालू लागते.