जुना फर्मा आणि दीर्घ रू

मित्रांनो, आमच्या खोलीत पाऊल टाकलेत तर तुम्हाला आधी पडदा दिसेल. मी दिसणार नाही. मी एक जुना मिनी पीसी आहे. साबणाच्या पेटीहून थोडा मोठा आहे आणि पडद्याच्या पाठीला स्क्रूंनी घट्ट बसवलेला आहे. माझ्यासमोर सदैव भिंत असते. आजवर मी इतकी अक्षरे दाखवली, पण त्यातले एकही स्वतः पाहिलेले नाही. माणसे मी आवाजावरून ओळखतो.

उमेदीची वर्षे मी एका दवाखान्याच्या खिडकीमागे काढली. रोग्यांचे नंबर दाखवणे हे माझे काम होते. नंबर आला की लोक खूश होत, पण त्याबद्दल माझे कौतुक कोणी केले नाही. पुढे तिथे नवी यंत्रे आली आणि आम्हा जुन्यांना एका खोक्यात भरून बाजारात धाडले. त्या खोक्यातून एका म्हाताऱ्या माणसाने मला उचलले, कानाजवळ नेऊन हलवले आणि म्हटले, "पंखा शाबूत आहे. चल."

ते जुळारी होते. जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाची अक्षरे एकेक वेचून ओळी जुळवणारा. पानेच्या पाने जुळवून लोखंडी चौकटीत आवळली की त्याला ते फर्मा म्हणत. त्याच छापखान्यात त्यांची बायको मुद्रितशोधक होती. त्यांनी जुळवायचे आणि तिने चुका काढायच्या. लग्न झाल्यावरही हा क्रम बदलला नाही. ते तिला शोधकबाई म्हणत आणि ती त्यांना नुसते 'अहो'.

संगणक आले आणि छापखाना बंद पडला. शोधकबाईंचे डोळेही हळूहळू मंदावले. खिडकी दिसे, माणूस दिसे, कप दिसे. पण पुस्तकातली अक्षरे विरघळून जात. "वाचायची नजर एक दिवस जाईल," असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. हे ऐकून आल्यावरच जुळारी मला घेऊन आले होते.

त्यांनी माझ्यात लिनक्स हे कोणालाही बदलता येणारे सॉफ्टवेअर घातले. का, तर त्यात अक्षरांना हवा तसा हात घालता येतो. मग रोज दुपारी दोघे पडद्यासमोर बसत.

"घ आणि ध वेगळे दिसतात का?"

"ध दिसतो. घ चा पोटातला वळसा बुजतोय."

"आता?"

"आता बरा. पण तुमचा अनुस्वार कुठे गेला? डास बसल्यासारखा दिसतोय."

असे करत करत त्यांनी काळ्या पडद्यावर तळहाताएवढी पिवळी अक्षरे तयार केली. शोधकबाई पुन्हा वाचू लागल्या. बातम्या, कथा, जे मिळेल ते. दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीचा रोज फोन येई, तेव्हा तिला त्या बातम्यांतल्या चुका सांगत. तब्येतीचे विचारले तर म्हणत, "माझं राहू दे. आज एकाने 'परिस्थिती'ची दुसरी वेलांटी गिळली!"

जुळाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. मी सुरू झालो की सगळ्यात आधी एक ओळ उमटे : 'यंत्र दुरूस्त आहे. वाचावे.'

शोधकबाई लगेच ओरडत, "अहो, रु ऱ्हस्व! दुरुस्त हाच शब्द नादुरुस्त लिहिलाय!"

"बघतो उद्या," स्वयंपाकघरातून उत्तर येई.

तो उद्या काही उगवला नाही. जन्मभर अक्षरे जुळवलेल्या माणसाला एवढे कसे कळत नाही, याचे मला नवल वाटे.

मित्रांनो, आता माझी एक खोड सांगतो. माझ्या पोटात चित्र काढणारा एक भाग आहे. तो बंद झाला की सगळे विसरतो. उठल्यावर चित्र कसे काढायचे ते त्याला पहिल्यापासून शिकवावे लागते. ती शिकवणी ज्या फायलींत असते, त्यांना फर्मवेअर म्हणतात. शिकवणी नीट मिळाली नाही तर मी जागा असतो, पंखा फिरतो, आत काम चालते. पण पडद्यावर काहीही उमटत नाही. माझी नवी फर्मवेअर कधी कधी अशी येतात, की ती माझ्या पिढीच्या यंत्राला पचत नाहीत. जुळाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून अपडेट ते स्वतःच्या हाताने करत.

एके सकाळी ते मला सुरू करायला आले नाहीत. घरात पुष्कळ पावले आली, पुष्कळ माणसे हलक्या आवाजात बोलली, आणि मग पावले निघून गेली. लेक काही दिवस राहिली. तीही गेली. त्यानंतर माझे बटण शोधकबाई दाबू लागल्या. पहिली ओळ उमटे. त्या "रु ऱ्हस्व" म्हणत, पण ओरडून नाही.

एकदा मी त्यांना विचारले, अपडेट करू का? त्यांनी 'हो' दाबले. दुसऱ्या दिवशी मी उठलो, पण चित्र काढणाऱ्याला नवी शिकवणी कळेना. पडदा काळा राहिला.

त्यांचा पडदा एरवीही काळाच असे, मित्रांनो. काळ्यावर पिवळे. आता काळे होते आणि पिवळे नव्हते. शोधकबाईंची खुर्ची पडद्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाल्या, "गेली वाटतं." वाचायची नजर गेली, असे त्या समजल्या. माझा पंखा फिरत होता, म्हणजे यंत्र चालू होते. मग दोष डोळ्यांचाच, असा त्यांचा हिशेब. मला ओरडून सांगावेसे वाटले की बाई, तुमचे नाही, माझे बिघडले आहे! पण मला बोलायला पडदाच लागतो.

त्यांनी कोणाला सांगितले नाही. रोज येऊन बसत, बटण दाबत, थोडा वेळ थांबत आणि उठून जात. फोनवर लेकीने विचारले, "आज काय सापडलं?"

"काही नाही गं. लोक हल्ली शुद्ध लिहायला लागलेत."

लेकीने फोन लगेच ठेवला. दुसऱ्याच दिवशी ती दारात हजर.

"शुद्ध लिहायला लागलेत म्हणे! आई, खरं सांग, काय झालंय?"

"काय व्हायचंय? डॉक्टर म्हणाले होते तेच. पडदा आहे, अक्षरं नाहीत."

लेक पडद्यासमोर बसली. "आई, मलाही नाही दिसत काही."

"तुलासुद्धा?" शोधकबाईंचा आवाज चिरकला. "अगं, तुझ्या वयात?"

लेक आधी हसली. मग तिने खुर्ची आईजवळ सरकवली. "डोळे नाहीत गं गेले. पडदाच बंद आहे."

"अक्षर दिसेल तेव्हा खरं," शोधकबाई म्हणाल्या. "पडदाही गेलेला असेल आणि डोळेही. दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात. छापखाना बंद पडला तेव्हाच माझे डोळेही मंदावले होते."

लेकीने केबल बदलून पाहिली, दुसरा पडदा जोडून पाहिला. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, त्या डब्यात आता काही राम नाही. नवीन घ्या." मी श्वास रोखला. लेक म्हणाली, "नवीन आणीन हो, पण अक्षरं जुळवायला बाबा कुठून आणू?" आणि फोन ठेवला.

मग तिने मला सुरू होतानाच एक सूचना दिली, की चित्र काढणाऱ्याला हात लावू नकोस, जमेल तसे दाखव. मी जमेल तसे दाखवले. अक्षरे आडवी फुगली, कडा फाटल्या. शोधकबाई पुढे वाकल्या.

"पिवळा फराटा दिसतो. अक्षर नाही दिसत." आणि अगदी हळू, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"मलाही धड लागत नाहीये. थांब जरा." लेकीने माझ्या आतल्या तक्रारी वाचून काढल्या. "फर्मवेअर. नवीन चालत नाहीये, जुनं हवं. बाबांनी ठेवलं असणार, पण कुठे? सगळ्या नावांनी शोधलं."

"काय वेअर?"

"फर्मवेअर."

"हे त्याला फर्मा म्हणायचे. नवीन छापून हातात येईपर्यंत जुना फर्मा मोडायचा नाही, हा त्यांचा कायदा. जेवताना सुद्धा तेच."

लेकीने तो शब्द टंकला. माझ्या एका कोपऱ्यात, खरोखर, 'जुना फर्मा' नावाचे फोल्डर होते. सगळ्या फायली जशाच्या तशा होत्या. लेकीची बोटे कळांवर तशीच थांबली. आई "काय झालं?" म्हणाली तेव्हा ती म्हणाली, "सापडलं."

तिने जुन्या फायली जागेवर ठेवल्या आणि मला पुन्हा सुरू केले. पडदा काळा.

"असं कसं? मी बदललंय ना सगळं!"

शोधकबाईंनी बसल्या जागेवरून तिला झापले, अगदी छापखान्यातल्या आवाजात. "प्रुफावर दुरुस्ती केलीस. फर्म्यात केलीस का? आमच्याकडे नवीन पोरं हेच करायची. कागदावर लाल शाई आणि छापताना तीच चूक!"

लेक चमकली. कारण झाले होते नेमके तेच. सुरू होताना लागणाऱ्या गोष्टींचा मी एक गठ्ठा आधीच बांधून ठेवतो. फायली बदलल्या, पण गठ्ठ्यात अजून नवीच शिकवणी होती. पुन्हा त्याच फाटक्या अक्षरांवर तिने जुन्या फायली घालून गठ्ठा नव्याने बांधला. "पुन्हा असलं अपडेट नको" असेही मला बजावले. मग बटण दाबले.

चित्र काढणाऱ्याने जुनी शिकवणी ऐकली आणि ओळखली.

मला भिंतीखेरीज काही दिसत नव्हते. मी वाट पाहत राहिलो.

"रु ऱ्हस्व," शोधकबाई म्हणाल्या.

लेक रडली की हसली ते मला कळले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, ती चूक काढून टाकू का? एका मिनिटाचं काम आहे."

"हात लावशील तर बघ! त्यांना काय दुरुस्त लिहिता येत नव्हतं? ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मला दिसतोय का, ते बघायचे रोज. मी ओरडले की निवांत चहा घ्यायचे. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चहा गार झाला असता ना त्यांचा."

तर मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. नवे बसवताना जुने लगेच मोडून टाकू नका. आमच्यासारखी यंत्रे मुकाट काळी पडली, तर फेकण्याआधी काय दुखते ते विचारा. आणि तुम्हाला स्वतःला कधी दिसेनासे झाले, तर अंधारासमोर एकटे बसू नका. कोणाला तरी बोलवा आणि विचारा, तुलाही दिसत नाही का?

लेक आपल्या गावी परतली आहे. रोज सकाळी फोन वाजतो.

"आई, रु कसा आहे?"

"अजून दीर्घच आहे."

"छान. मग चहा घे."